चार मिनिटं आधी आलेला निरोप

आता पिंपळ येणार, पांढरी साडी येणार, असं वाटलं ना? नाय येणार. आपल्या गोष्टीत फक्त वॉकीटॉकी आहे, तीबी दुपारची. भुताखेताचं कोणी बोललं की मी त्याचीच नक्कल करून हसवायचो... पिशोरच्या शाळेपासून तोच धंदा.

दुष्काळाची वर्षं. कन्नडकडच्या गावांना पाणी न्यायची पाइपलाइन, ऑफिस शहरात, उस्मानपुऱ्यात. खाली नव्या अपार्टमेंटचे टँकर हॉर्न मारायचे, वर मी वायरलेसवर. ऊन तापलं की चॅनल कधी खणखणीत, कधी नुसती खरखर. उघडलं की आधी काय पाठवायचं, एवढीच माझी नोकरी. पंपाचा निरोप पहिला. हजेरी, डिझेल मागून. आन उशीर झालेला निरोप फेकून द्यायचा. 'माणूस बाहेर आलाय' हे शिळं झालं की माणूस मरतो.

त्या दिवशी देवगाव रंगारीजवळ आमचे मेकॅनिक भगवानकाका व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरले होते. तीनला त्यांचा आवाज आला, "मी वर आलो. सोडा पाणी." पाइपातला गाळ काढायला पाणी जोरात त्याच खड्ड्यात सुटणार होतं. मी पंपावरच्या रशीदभाईला कळवलं, "तीन वीसला पंप चालू." आन चॅनल मेलं. आमच्या कुलकर्णी साहेबांनी समोर बसून चहा मागवला.

साडेतीनला चॅनल उघडलं. पहिला रशीदभाई, "काका निकले क्या? अब छोडूं पानी?"

"आत्ता? अजून सोडलंच नाय?"

"साहेबनेच तो रोका ना!"

तेवढ्यात काकांचा आवाज, धापा टाकत, "अरे, पाना खाली राहिला होता म्हणून परत उतरलो, तर पाय शिडीत अडकला! घड्याळ बघूनच उतरलो होतो, तीन चौदा. म्हटलं, दोन मिनिटांचं काम..."

पंपावरच्या सेटमध्ये सगळं टायमासकट रेकॉर्ड होतं. संध्याकाळी साहेबांसकट सगळ्यांनी ते ऐकलं. तीन दहा. "हे बघा रशीद, पंप सोडू नका. काका परत उतरलेत."

तीन दहाला काका वर सावलीत बसून पाणी पीत होते. पाना आठवलासुद्धा नव्हता.

आन आवाज साहेबांचा नव्हता. साहेब 'हे बघा' असं नाकातून ओढत नाहीत. मी त्यांची नक्कल करताना ओढतो.

रेकॉर्डिंग संपलं तरी बटण कोणी बंद करंना. वायरलेसच्या टॉवरवाल्यानं गेलेल्या निरोपांची यादी तपासली, तर त्या वेळेला आमच्याकडून एकबी निरोप गेलेला नाय. निरोप उशिरा पोचतो, पोचत नाय, हे मला लई माहिती होतं. घडायच्या आधी पोचलेला एवढा एकच. कुणी पाठवला... आजबी ठाऊक नाय.

साहेब मात्र माझ्यावरच उखडले. "शंभरदा सांगितलंय, वायरलेसवर माझी नक्कल करायची नाही!"

"साहेब, तुमच्यासमोरच बसलो होतो की. तोंडसुद्धा उघडलं नव्हतं."

"तेच म्हणतोय मी, गाढवा! न उघडता हे उद्योग, मग उघडल्यावर काय करशील?"