कंपोझिटरच्या फोनमधले चौकोन

छापखाना बंद होऊन वीस वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना सगळे कंपोझिटरच म्हणत. उभा जन्म शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेला माणूस. कुठलाही छापील कागद हातात आला की आधी वेलांटी नीट बसलीय का ते बघायचे, मजकूर नंतर. बायको म्हणायची, "यांना माणसं दिसतच नाहीत, अक्षरं दिसतात."

मुलीने स्मार्टफोन घेऊन दिला, तेव्हा त्यातली अक्षरं बघून त्यांनी नाक मुरडलं. कुठल्याशा ॲपमधून एक डौलदार फाँट उतरवून घेतला आणि दोन दिवस स्वतःवरच खूश होते. तिसऱ्या दिवशी फोन अपडेट झाला आणि मराठी अक्षरांच्या जागी ओळीच्या ओळी नुसते चौकोन.

दुसरा कोणी असता तर तडक कोपऱ्यावरचं मोबाइलचं दुकान गाठलं असतं. पण अक्षराची अडचण घेऊन यांनी दुसऱ्याच्या दारात जायचं? छापखान्यात खिळा झिजला की दुसऱ्या संचातला उसना घेऊन ते वेळ मारून नेत. तोच खाक्या इथेही. त्याच ॲपमधले एकामागून एक नऊ फाँट चढवून पाहिले. चौकोन काही हलले नाहीत.

या खटपटीत अकरा दिवस गेले, आणि तेवढ्यात धाकट्या भावाचे तीन मेसेज आले. धाकट्याला ऐकू येत नसे, म्हणून दोघांचं बोलणं असायचं ते लिहूनच. त्याची बायको गेल्यापासून तो दुसऱ्या गावी एकटा राहायचा. त्याला आपल्याकडेच बोलवावं, मागची खोली द्यावी, असं कंपोझिटरांच्या मनात वर्षभर होतं. पण त्याने आधी विचारावं, म्हणून हे अडून बसलेले. एरवी तो काहीबाही लिहायचा, नळ गळतोय, मांजर व्यायली. तसंच असेल म्हणून यांनी तिन्ही मेसेजना एकेक अंगठा पाठवून दिला. आपल्याला वाचता येत नाही, हे त्याला कळवायची लाज वाटली.

शेवटी मुलीने दम भरला, तेव्हा दुकानात गेले. काउंटरवरच्या पोरीने ते ॲप काढून टाकलं, मूळचा फाँट लावला आणि फोन बंद करून चालू केला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"दादा, मुलगा म्हणतो घर विक आणि परदेशात माझ्याकडे ये. व्हिसा त्याने आधीच काढून ठेवलाय. मला जायचं नाहीये. तुझ्याकडे येऊन राहू का? की जाऊच?" खाली अंगठा.

"घराला गिऱ्हाईक आलंय, रोख देऊन लगेच सह्या करू म्हणतंय. जाऊच म्हणतोस ना नक्की? एकदा नको म्हण, मी थांबतो." अंगठा.

"सह्या झाल्या. उद्या सकाळचं विमान. तू अडवशील असं वाटलं होतं रे."

त्यालाही अंगठा. मेसेज सहा दिवसांपूर्वीचा होता.

"काका, आता नीट दिसतंय ना सगळं?" पोरीने विचारलं.

"दिसतंय," ते म्हणाले. त्यांना स्वतःचा इतका राग आधी कधी आला नव्हता. दुकानाच्या बाकावर बसून त्यांनी भावाला लिहायला घेतलं. 'मला वाचता येत नव्हतं' एवढं लिहायला त्यांना पाऊण तास लागला.