पॉइंटांवरचं माहेरपण

चेन्नईत आमच्या अंबत्तूरच्या ऑफिसात मला पाठीमागे ‘पॉइंटबाई’ म्हणतात. पाठीमागे कसलं, आता तोंडावरच म्हणतात. म्हणोत बापडे! गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी क्वालिटीचं काम बघते, त्यामुळे दर महिन्याला बॅग उचलून कुठल्या ना कुठल्या सप्लायरच्या दारात उभी असते. पुणे, गुरगाव, साणंद, सांगाल तिथे. बाकीचे लोक मिळेल त्या हॉटेलात उतरतात. कुणी कारखाना जवळ म्हणून, कुणी खाली बिर्याणी चांगली म्हणून. मी मात्र कित्येक वर्षं एकाच कंपनीच्या हॉटेलांना चिकटून आहे. त्यांचं हॉटेल शहराच्या दुसऱ्या टोकाला असलं तरी चालेल, सकाळी तासभर आधी निघेन, पण उतरेन तिथेच. कारण राहण्याचा खर्च ऑफिसचा आणि दर मुक्कामाला मिळणारे पॉइंट माझे; पुरेसे साठले की त्यावर फुकट राहता येतं.

यातही अक्कल लागते बरं का. सूट देणाऱ्या ट्रॅव्हल साइटवरून बुकिंग केलं की पॉइंटांच्या नावाने शिमगा. आमच्यातला एक पठ्ठ्या तसं करून आठवडाभर राहून आला आणि हात हलवत परतला. त्याला काही वाटलं नाही, मलाच रात्रभर हळहळ. बुकिंग थेट हॉटेलच्या ॲपवरून करायचं, ऑफिसच्या ट्रॅव्हल डेस्कशी भांडून आपला मेंबर नंबर टाकायला लावायचा. बरेच दिवस फिरतीवर गेलं नाही तर पॉइंट बुडतात, म्हणून अधूनमधून त्यांच्या चेन्नईतल्या हॉटेलात जाऊन नुसती कॉफी प्यायची, म्हणजे खातं जिवंत राहतं. त्या कॉफीचं बिल बघून माझ्या नवऱ्याने कपाळावर हात मारला होता. तो इथलाच, तंजावरकडच्या मराठी घराण्यातला. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ देशात राहिलेली माणसं ही, पण कॉफीच्या बाबतीत फार कर्मठ.

“एवढे पॉइंट साठवून करणार काय तू?” तो विचारायचा. मी सांगायची नाही. कारण मला माझ्या आईला माहेरपण करायचं होतं.

आई कऱ्हाडला असते. सगळा जन्म तिने पहाटे पाचला उठून काढला. बाबांची पहिली पाळी, आमच्या शाळा, मग आजीचं आजारपण, मग नुसती सवय. तिचे आईवडील जाऊन जमाना झाला. मामाकडे दिवाळीला जाते ती मामीच्या चकल्या तळायला. आमच्याकडे आली तेव्हा मी ठरवलं होतं, हिला काडी उचलू द्यायची नाही. सकाळी डोळे चोळत उठले तर कणीक मळून झाकलेली, ओटा लख्ख, आणि माझी काळीकुट्ट कढई घासून तिला मूळ रंगावर आणलेली! मी चिडले तर म्हणते, “अगं, जाग आली, मग नुसतं पडून काय करू?” पण एकदा फोनवर बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं, “एकदा तरी कुणीतरी मला अंथरुणात आयता चहा आणून द्यावा. मी डोळे उघडून विचारावं, किती वाजले? आणि समोरच्याने म्हणावं, तुला काय करायचंय?” असं म्हणून ती स्वतःच हसली आणि विषय बदलला. मला मात्र ते वाक्य काही केल्या विसरता येईना.

तर मग स्वयंपाकघरच नसलेल्या जागी हिला नेऊन ठेवायचं, हा माझा बेत. चेन्नईजवळच्या कोवलमच्या अलीकडे समुद्रकाठी त्या कंपनीचं हॉटेल आहे. शनिवार-रविवारी तिथे पॉइंट भरमसाट मागतात, मधल्या वारी बरेच कमी. मी मंगळवार गाठला. दोन रात्री, नाश्त्यासकट, आणि माझ्या मेंबरपदाच्या पायरीमुळे उशिरा खोली सोडायची सोय. बुकिंग पक्कं झाल्यावर मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

आणि त्याच आनंदात खालच्या मजल्यावर जाऊन सासूबाईंना सांगून टाकलं. नवरा त्यांना अम्मा म्हणतो, म्हणून मीही अम्माच म्हणते.

अम्मा शेवग्याच्या शेंगा चिरत होत्या. सुरी थांबली. “तुझी आई येऊन हॉटेलात उतरणार?”

“हो अम्मा! समुद्रासमोर!”

“काय म्हणून? आमच्या घरात जागा नाही का?”

बस. दुपारी वर यायचं रसम आलं नाही. संध्याकाळीही नाही. दुसऱ्या दिवशी मी जिन्यात हसले तर त्यांनी कुंडीतल्या तुळशीकडे बघितलं. अम्मांचं घर म्हणजे असं, की गावात आपलं माणूस असताना कुणी हॉटेलात उतरलं तर तो त्यांना चारचौघांत अपमान वाटतो. त्यात ही तर विहीण! आई मागे आली होती तेव्हा अम्मा काशीला गेलेल्या, त्यामुळे लग्नानंतर विहीणबाई पहिल्यांदाच त्यांच्या दारी येणार होत्या. ओटी, पानावरचं जेवण, सगळं त्यांनी मनात मांडून ठेवलं होतं. हे मला कोण सांगणार? आमच्या कऱ्हाडकडे हॉटेलात ठेवलं म्हणजे केवढी बडदास्त!

“अम्माला आधी विचारायचं नाही का?” नवरा म्हणाला.

“पॉइंट माझे, आई माझी, आणि विचारू कुणाला?” माझं टाळकंच सरकलं. तेवढ्यात आईचा फोन. माझ्या सज्जन नवऱ्याने तिला आधीच सगळं कळवलेलं. “अगं, ते हॉटेल-बिटेल रद्द कर बाई. विहीणबाईंचं मन मोडून मला समुद्र नको. मी त्यांच्याकडेच उतरते. त्यांनाही तेवढीच मदत होईल.”

मदत! म्हणजे पुन्हा पाचला उठणं, पुन्हा कणीक, आणि आता दुसऱ्याच्या कढया. “खड्ड्यात गेले ते पॉइंट,” मी म्हटलं आणि फोन ठेवून चक्क रडले. रागाने म्हणा, वाईट वाटून म्हणा, दोन्ही होतं.

मग डोळे पुसून तशीच खाली गेले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू. पण अम्मा एकट्याच पितळी फिल्टरमध्ये कॉफीची पूड दाबत बसल्या होत्या आणि भांडण कुठून सुरू करावं तेच सुचेना. म्हणून सरळ सांगून टाकलं. पहाटेचे पाच, मामीच्या चकल्या, माझी कढई, आणि ते फोनवरचं वाक्य. “अम्मा, तुमच्या घरात तुम्ही तिला पाटावर बसवाल हो, पण ती बसणार नाही. तिला बसताच येत नाही. म्हणून जिथे चूलच नाही तिथे नेतेय.”

अम्मांनी फिल्टरचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, “त्या हॉटेलात चहा कोण देणार त्यांस?”

“हॉटेलवाले.”

“थू! गरम पाणी आणि कागदाची पुडी देतील. तो काय चहा?” आणि जरा थांबून, “विहीण माझी. कुठंही उतरू दे, यजमान मी. मीही येते.”

माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच दुसरी काळजी उभी राहिली. कारण अम्मा येते म्हणाल्या की नुसत्या येत नाहीत. त्या मंगळवारी आमच्या गाडीत केळीची पानं, नारळ, खण, हळदकुंकू, एक पितळी ताट आणि पोडीची चटणी लावलेल्या इडल्यांचा डबा असा सरंजाम होता. नवरा आईला आणायला विमानतळावर गेला आणि आम्ही दोघी पुढे, कारण पाहुण्याच्या आधी यजमान पोचला पाहिजे. रिसेप्शनवरच्या मुलीने माझं नाव बघून हसून सांगितलं, “मॅडम, तुम्हाला समुद्राकडची मोठी खोली दिलीय, जादा पॉइंट न घेता.” मला केवढा अभिमान वाटला! अम्मांनी तिला तमिळमध्ये विचारलं, “चुना आहे का?”

चुना! हळदीच्या पाण्यात कालवला की ते लाल होतं, त्याने आरती करायला. त्या पोरीने कुठून तरी, बहुतेक माळ्याच्या पानाच्या डबीतून, तो मिळवलासुद्धा. आई गाडीतून उतरली तेव्हा काचेच्या दारात अम्मा लाल पाण्याचं ताट घेऊन उभ्या, मागे टोपी घातलेला दरवान, आणि दोन परदेशी पाहुणे फोटो काढतायत. अम्मांनी आईला ओवाळलं, कुंकू लावलं आणि म्हणाल्या, “यावे विहीणबाई. आपलंच घर.” आईने एकदा त्या झुंबराकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

खोलीत शिरल्या शिरल्या आईने टेबलावरून बोट फिरवून धूळ आहे का बघितली. नवरा आईला सोडून घरी परतला, तोवर हिने कपबशा विसळायला घेतल्या होत्या. अम्मांनी तिच्या हातातून कप काढून घेतला. आईने उशांचे अभ्रे सारखे केले, अम्मांनी तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं. “उगे बैसा,” असं त्यांच्या जुन्या मराठीत. आई लहान मुलीसारखी उगी बसली. संध्याकाळी दोघी चपला हातात घेऊन वाळूतून चालत होत्या. एकीची कऱ्हाडची मराठी, दुसरीची तंजावरची, निम्मं एकमेकींना कळत नसावं, पण दोघींच्या बोलण्याला खंड नव्हता. मी मागून येत होते आणि मला कुणी विचारत नव्हतं.

सकाळी मला जाग आली तेव्हा खोलीत मिट्ट काळोख. वाटलं, अजून पहाट आहे. मग दिसलं, जाड पडद्यांच्या फटीतून उन्हाची तिरीप येतेय. आईच्या पलंगाकडे बघितलं. आई झोपलेली! एका कुशीवर, तोंड जरासं उघडं, मजेत घोरत. आणि दाराशी खुर्ची टाकून अम्मा. मी तोंड उघडणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

नंतर सगळं कळलं. रात्रीच त्यांनी पडदे घट्ट ओढून चिमट्यांनी अडकवले, आईच्या फोनचा गजर बंद केला आणि फोन स्वतःच्या कमरेला खोचला. सकाळी बाबांचा फोन आला, साखर कुठे आहे विचारायला. तो यांनी न्हाणीघरात जाऊन घेतला आणि सांगितलं, “विहीणबाई निजलेत. साखर नाही तर गूळ घाला.” झाडलोट करायला आलेल्या बाईला दारातूनच परत पाठवलं. आणि चहा! अम्मांच्या मते चहा हे आजारी माणसाचं पेय. त्यांनी खालून दूध मागवलं, घरून आणलेलं आलं ठेचलं आणि सगळं त्या हॉटेलच्या किटलीत उकळवलं. ते दोनदा उतू गेलं. किटलीचा रंग तर बघवत नव्हता.

आई जागी झाली आणि धडपडत उठून बसली. “अगं बाई! किती वाजले?”

अम्मा कप घेऊन पलंगाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, “तुम्हास काय करायचंय?”

आई बघतच राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की मी चहाड्या केल्यात. तिचे डोळे भरून आले, ओठ हसत होते. तिने दोन्ही हातांनी कप घेतला, पाठीला उशी लावली आणि पाय पसरून सावकाश, फुंकर घालून घालून तो चहा प्यायली. मला रडू आवरेना. नाश्ता चुकणार म्हणून मी घड्याळाकडे बघत होते तेसुद्धा विसरले.

कप खाली ठेवून आई म्हणाली, “विहीणबाई, उद्या दार मी राखणार.”

“छे, छे,” अम्मा म्हणाल्या. “मला निजून होत नाही. मला सवय नाही.”

“मला तरी कुठे होती?”

दुसऱ्या दिवशी दाराजवळच्या खुर्चीत आई होती. आम्हाला न्यायला आलेल्या नवऱ्यासाठी तिने दार किलकिलं केलं आणि त्यालाही ओठांवर बोट ठेवून दाखवलं. तो पायांतले बूट हातात घेऊन आत आला आणि पलंगाशी उभा राहिला. अम्मा पांघरूण गळ्याशी ओढून गाढ झोपल्या होत्या. वेणी सुटलेली, एक पाय बाहेर. तो बराच वेळ हलेना. मग अगदी हळू माझ्या कानाशी म्हणाला, “मी अम्माला झोपलेली कधी बघितलीच नव्हती.”

मी न्हाणीघरात जाऊन रिसेप्शनला फोन लावला. खोली दुपारी चारपर्यंत ठेवायची म्हटलं. त्या मुलीने विचारलं, काही अडचण आहे का मॅडम? मी म्हटलं, अजिबात नाही, घरची माणसं झोपलीत. परत येऊन बघते तर अम्मा उठून बसलेल्या, केस सावरत घाबऱ्याघुबऱ्या चष्मा शोधतायत.

“अय्यो, किती वाजले?”

आईने चष्मा आपल्या मुठीत लपवला आणि चहाचा कप पुढे केला.

“तुम्हाला काय करायचंय?”