दुपारी एकचा प्रयोग

मेकअप झालाय, लुगडं नेसून झालंय, आणि बाहेर बार्शीचं ऊन चांगलंच तापलंय. रंगपटातल्या बाकावर मी जरा पाठ टेकते. आमचा कपडेपट सांभाळणारी इंदू दार लोटून घेत म्हणते, "पडा थोडं. मी उठवते."

झोपायचं नाहीच आहे. डोळे मिटून फक्त दोन वाक्यं घोकायची आहेत. पडदा उघडण्याआधी निर्मात्यानं पुढं येऊन बोलायची. तीस वर्षं ती गिरमे साहेब बोलले. साहेब श्रावणात गेले. जाण्याआधी नाट्यसंस्था माझ्या स्वाधीन करून गेले. त्यांच्यामागं आजचा हा पहिला प्रयोग. सुईणीची भूमिका मी झोपेतही करीन. पण कुंदा नवगिरे म्हणून भरल्या नाट्यगृहासमोर तोंड उघडायचं म्हटलं की मी नावापाशीच अडते.

नमस्कार, मी... नमस्कार, मी...

डोक्यावर पंखा घरघरतोय. त्या घरघरीत आणखी एक पंखा मिसळतो. मग आणखी काही. डोळे किलकिले करते तर छतावर ओळीनं पंखे फिरताहेत, आणि खाली टेबलावरचा एक कागदही हलत नाही.

ही चिंचवडच्या पंख्यांच्या कारखान्यातली केबिन. टेबलापलीकडं साहेब बसलेत, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडून. ते पन्नाशीचे आहेत. मी मात्र आत्ताची, साठीतली, सुईणीच्या लुगड्यात. साहेब गेलेत हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक असावं. पण तो विषय काढायची दोघांनाही घाई नाही.

"बसा, नवगिरे बाई."

मी टंकलेखिका होते तेव्हा ते मला असंच म्हणायचे. त्याच कंपनीत त्यांनी फिरता विक्रेता म्हणून सुरुवात केली होती. गावात नुकती वीज आली की हे एसटीनं जायचे, मांडीवर टेबलफॅन घेऊन. दुकानात तो लावायचे आणि समोर गावकऱ्यांना बसवायचे. तिथून चढत चढत सरव्यवस्थापक झाले. कंपनीचं नाव घरोघरी नेलं ते त्यांनी. आम्ही असे समोरासमोर बसलो त्याच आठवड्यात मालक त्यांना सगळ्या कारभाराचा प्रमुख करणार होते. आणि आदल्या दिवशी स्नेहसंमेलनात आम्ही कारकुनांनी सुईणीवरचं नाटक केलं होतं.

"कालचं नाटक कुणी बसवलं?"

"मीच, साहेब. पण कामाच्या वेळेत नाही केलं."

"ते विचारलं नाही मी. त्याचे गावोगाव प्रयोग करायचे तर तुम्हाला नोकरी सोडावी लागेल."

"आणि तुम्ही?"

"मी काल संध्याकाळीच सोडली."

हे असंच घडलं होतं. तेव्हा मी घाबरून हसले होते. आज हसत नाही. इतकी वर्षं ओठावर येऊन परत गेलेलं विचारून टाकते. "साहेब, एवढी खुर्ची सोडलीत. कधी पस्तावलात का?"

ते उठून केबिनचं दार उघडतात. बाहेर कारखान्याचा व्हरांडा हवा, पण तिथं पुण्यातल्या नाट्यगृहाच्या खुर्च्या आहेत. रांगांमागून रांगा, रिकाम्या. पुढच्या दोन ओळींत तुरळक माणसं, त्यातली निम्मी साहेबांच्या नात्यातली. मागं कंपनीतले दोघे-तिघे अधिकारी एकमेकांच्या कानाला लागलेत. गिरम्यांचं डोकं फिरलं, हे त्यांच्या तोंडावर वाचता येतं. गाणं नाही, नाच नाही, नाव असलेला नट नाही, आणि नायिका कोण, तर म्हातारी सुईण.

"ह्या प्रयोगानंतर मी तुम्हाला म्हणाले होते, बंद करूया," मी म्हणते.

"मग मी काय म्हणालो?"

"माल चांगला आहे, दुकान चुकलंय, म्हणालात."

साहेब हसतात आणि एका खुर्चीत बसतात. मी शेजारी बसते. खुर्ची हादरायला लागते, खिडकीतून वारा येतो, आणि आम्ही एसटीत असतो. बाहेरून बाजारपेठा सरकताहेत. उदगीर, जालना, कुर्डुवाडी. प्रत्येक पेठेत पंख्यांचं एक दुकान, आणि दुकानदार पायरीवर उभा राहून साहेबांना हात करतो. त्या सगळ्यांना ते नावानं ओळखायचे. कुणाची मुलगी कुठं दिली हेही त्यांना माहीत असायचं.

"पंखा घ्यायला दुकानात बाई कधी आली नाही," ते खिडकीबाहेर बघत म्हणतात. "पण कुठला घ्यायचा ते घरात तीच ठरवायची. हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. नाटकाच्या धंद्यात मात्र कुणाला कळलेलं दिसलं नाही. सगळे प्रयोग रात्री. रात्री बाईला सोडतंय कोण?"

म्हणून त्यांनी प्रयोगाची वेळ दुपारी एकची ठरवली. स्वयंपाक उरकलेला, मुलं शाळेत, घरचे पुरुष कामाला. नाटकांचे कंत्राटदार तोंडावर हसले होते. एक जण म्हणाला, साहेब, त्या वेळेला बाया लवंडतात. साहेबांनी वाद घातला नाही. आपल्या दुकानदारांना सांगितलं, तिकिटं विकू नका, फक्त आपल्या आईला आणि बायकोला घेऊन या, आणि त्यांना म्हणावं, येताना शेजारणीला आणा.

एसटी थांबते. आम्ही उतरतो ते बार्शीच्या नाट्यगृहापुढच्या मैदानात. धूळ उडवत ट्रॅक्टर येताहेत. एकामागं एक, आणि ट्रॉल्या बायकांनी भरलेल्या. डोक्यावर पदर, हातात पाण्याच्या बाटल्या, कुणाच्या कडेवर नातवंड. दुपारच्या त्या पहिल्या प्रयोगाला हे सगळं मी विंगेतल्या खिडकीतून पाहिलं होतं. आज मी मैदानातच आहे. काल-परवापर्यंत शेकडो माणसं ज्यांच्या सहीची वाट बघायची ते साहेब भर उन्हात ट्रॉलीचं फळकुट धरून उभे आहेत.

"सावकाश, आजी. सावकाश."

आजी खाली बघते, मला बघते, आणि माझ्या खांद्यावर हात टेकून उतरते. हात जड आहे, गरम आहे.

"सुईन तूच का गं?"

"हो, मीच."

"हळद कुटत हुते. सून म्हणली चला, तशीच आले बघ. न्हाटकात बाळ जगतंय का?"

"बघा की तुम्हीच."

"जगू दे," ती म्हणते आणि गर्दीत शिरते.

साहेब फळकुटावरचा हात काढत नाहीत. "तुम्ही मघाशी विचारलंत ना, पस्तावलो का. पंखा चांगला निघाला की माणूस विकणाऱ्याला विसरतो. मला कुणी कधी परत भेटलं नाही. आणि ह्या बायका मला वर्षानुवर्षं बाजारात अडवायच्या. विचारायच्या, त्या सुईणीचं पुढं काय झालं हो? ती आता कुठं असते?"

"तुम्ही काय सांगायचात?"

"बरी आहे, म्हणायचो. पुढच्या महिन्यात येतेय तुमच्याकडं."

आता मैदान नाही. आम्ही पडद्यामागं उभे आहोत आणि पलीकडून नाट्यगृहाची कुजबुज येतेय, पाऊस जवळ आल्यासारखी. साहेब दुमडलेल्या बाह्या खाली सोडतात, पडद्याची फट धरतात. मग बाजूला होतात.

"बाई, आता तुम्ही."

"मला नाही जमत, साहेब. भूमिका द्या, करते."

"घरी कुणी आलं तर दारात उभं राहून पाठ केलेलं बोलता का? या म्हणायचं. एवढंच काम आहे निर्मात्याचं."

ते निघणार असं वाटतं म्हणून मी घाईनं म्हणते, "तीस वर्षांत एकदाही, छान केलंत, म्हणाला नाहीत."

साहेब थांबतात. त्यांना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसतं.

"मी नोकरी सोडली तुमचं काम बघून," ते म्हणतात. "त्याच्यावर आणखी काय बोलणार होतो?"

"बाई, उठा. दुसरी घंटा झाली." इंदू मला हलवतेय. "बाहेर बघा तरी. जास्तीच्या खुर्च्या टाकल्या, त्याही भरल्या. बायका अजून दारात आहेत."

मी उठून उभी राहते. अंग हलकं वाटतंय. इंदू लुगड्याच्या निऱ्या सारखी करते, मग पदर नीट करायला मागं येते, आणि तिचा हात तसाच थांबतो.

"हे काय? मघाशी इस्त्री करून दिलंय मी. पांढरंशुभ्र होतं."

आरशाकडं तिरकी होऊन मी बघते. उजव्या खांद्यावर पिवळा हात उमटलाय. चार बोटं, अंगठा, तळव्याचा निम्मा भाग. हळद अजून ओलसर आहे. इंदू स्वतःची बोटं उलटसुलट करून बघते. ती स्वच्छ आहेत. ती ओला फडका शोधायला लागते.

"राहू दे," मी म्हणते.

"अहो, पण पुढं जाऊन बोलायचंय तुम्हाला. सगळ्यांना दिसेल."

"दिसू दे."

तिसरी घंटा होते. खांद्यावर तो हात घेऊन मी पडद्याच्या फटीतून बाहेर उजेडात येते.