ब्रेकर आला, उतर

माझा मित्र मुजीब याला गाडीतलं सगळं कळतं. हे त्यानंच सांगितलेलं आहे.

नळदुर्गला स्टँडजवळ त्याचं बॅटरी चार्जिंगचं दुकान आहे. दुकानात बॅटऱ्या चार आणि गप्पा चाळीस. गाडी मात्र एकच. त्याच्या वडिलांनी, मुनवरचाचांनी, पंधरा वर्षं टॅक्सी म्हणून चालवलेली पांढरी कार. चाचा वारले आणि कार मुजीबच्या हाती आली. तिथून तिचे हाल सुरू झाले.

आधी त्यानं ती काळी केली. मग सायलेन्सर बदलला. आता ती निघाली की पार पुढच्या गावाला, जळकोटला कळतं. मग मोबाइलवर बघून चारही स्प्रिंगा ग्राइंडरनं कापल्या. गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसली पाहिजे, म्हणाला. ती टेकलीच. पहिल्याच स्पीडब्रेकरवर खालचा ऑइलचा चेंबर फुटला.

दुसऱ्या कुणी स्प्रिंगा बदलल्या असत्या. मुजीबनं माणसं उतरवायला सुरुवात केली.

ब्रेकर आला की तो म्हणतो, "उतर." आपण उतरायचं. वजन कमी झालं की गाडी दोन बोटं वर येते. मग ती तिरकी होऊन, रांगत पलीकडं जाते. आपण चालत जायचं, परत बसायचं. त्याची आई सायराबी गुडघे दाखवायला सोलापूरला जाते. ते याच गाडीत बसून दुखतात, असं माझं मत आहे.

"चाची, एसटीनं जावा की," मी एकदा म्हणालो.

"त्याच्या अब्बाची गाडी हाय रे बाबा," ती म्हणाली. "त्यांचं आता तेवढंच ऱ्हायलंय."

मी एम. ए. मराठी. नोकरी नाही. मुजीब मला प्रोफेसर म्हणतो, मी त्याच्या गाडीत बसतो. दोघांनाही दुसरं काम नाही.

उमरग्याचा सोमेश एकदा दुकानात आला. वडिलांचं सिमेंटचं दुकान, स्वतःची नवीकोरी उंच गाडी. मुजीबची कार बघून तो वाकला. आणखी वाकला.

"मुजीबभाई, ही गाडी हाय का जेवायला बसायचा पाट?"

"पाट तर पाट. लाव रेस."

"काय लावतो?"

"गाडी," मुजीब म्हणाला.

सोमेश गेल्यावर मी विचारलं, "चाचीला विचारलंस?"

"जिंकल्यावर सांगतो की."

रस्ता मुजीबनंच निवडला. ढाब्यापासून ओढ्याच्या पुलापर्यंतचा जुना रस्ता, तीन किलोमीटर. गाडी हलकी व्हावी म्हणून त्यानं मागची सीट काढली. स्टेपनी काढली, जॅक काढला. मग गाडीनं रस्ता धरावा म्हणून वजन पाहिजे, असं म्हणून मला बसवलं. माझं वजन चौऱ्याहत्तर किलो आहे. त्याला सगळं कळतं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. आणि मुजीब पुढं गेला. खरंच गेला. सोमेशची गाडी आरशात लहान होत चालली.

"बघ प्रोफेसर! अब्बाची गाडी हाय!"

पहिल्यांदाच मला त्याचा हेवा वाटला. पूल समोर दिसत होता. आणि पुलाच्या अलीकडं, वस्तीसमोर, गावकऱ्यांनी घातलेला ब्रेकर होता. बांधाएवढा.

मुजीबनं करकचून ब्रेक दाबला.

"उतर!"

मी उतरलो. सवयीनं. कार तिरकी होऊन रांगायला लागली. मी तिच्या बाजूनं चालत होतो. सोमेशची गाडी आम्हाला वळसा घालून ब्रेकरवरून उडाली आणि पुलावर जाऊन थांबली.

ब्रेकर ओलांडूनही मुजीब गाडीतच बसून होता. "च्यायला," एवढंच म्हणाला.

सोमेश हसत परत आला. मुजीब खाली उतरला. किल्ली काढून त्यानं सोमेशच्या हातात दिली. त्याला रडू येईल असं मला वाटलं. तो म्हणाला, "दुसरा गिअर जरा अडतो. दाबून टाका."

सोमेश आत बसला. शेजारी त्याच्या गाडीतून आलेला मित्र वीरप्पा, पोतंभर देहाचा. गाडी ढाब्याकडं वळवली. समोर तोच ब्रेकर.

"सोमेशभाई, त्यांना उतरवा!" मुजीब ओरडला.

"काय येडा हाय हा," सोमेश म्हणाला आणि गेला.

आवाज झाला. कार ब्रेकरवर पोट टेकून थांबली. खालून काळं ऑइल वाहायला लागलं. सोमेशनं उतरून खाली बघितलं, ऑइलनं माखलेल्या बुटाकडं बघितलं आणि किल्ली मुजीबच्या अंगावर फेकली.

"ठेव तुझा पाट. फुकट दिला तरी नको."

वीरप्पाला घेऊन तो आपल्या गाडीतून निघून गेला. मुजीबनं किल्ली उचलली. शर्टानं पुसली.

"बघितलंस? तिला दुसऱ्याचा हात चालत न्हाय. जिंकलो आपण."

"चाचीला काय सांगणार?"

"हेच. जिंकलो."

वस्तीवरच्या महालिंगप्पांच्या ट्रॅक्टरला दोर बांधून आम्ही नळदुर्गकडं निघालो. मुजीब स्टिअरिंगवर, मी शेजारी. इंजिन बंद, ऑइल संपलेलं, चेंबर फुटलेला. आता वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. स्टँडअलीकडचा ब्रेकर आला. मुजीबनं हात बाहेर काढून ट्रॅक्टर थांबवला.

"उतर," तो म्हणाला.

मी उतरलो. चालत पलीकडं गेलो आणि परत बसलो.