शिंकणारं भूत

माझ्या लग्नाची कॅसेट पेन ड्राइव्हवर घ्यायची म्हणून मी मंडईजवळच्या एका दुकानात गेले होते. दुकान कसलं, पहिल्या मजल्यावरची एक खोली. जुन्या व्हीसीआरचे ढीग आणि त्यांच्या मधोमध बसलेल्या माझ्याच वयाच्या एक बाई. कॅसेट चालते का बघत असताना गप्पा निघाल्या आणि मी सवयीनं सांगून टाकलं, "माझे वडील टीव्हीवर होते हं एकदा." आमच्या घरात हे वाक्य कुणीही, कुणालाही, कधीही सांगायचं.

मी नऊ-दहा वर्षांची असताना ती मालिका लागायची. तेरा भागांची, भयपटांची टिंगल करणारी. एक पडकी हवेली, पांढऱ्या साडीतली एक बाई, जिची मेणबत्ती सारखी विझायची आणि जी येणाऱ्या-जाणाऱ्याकडे काडेपेटी मागत फिरायची. एका भागात हवेलीतल्या पेटाऱ्यात भूत असतं. पेटाऱ्यात कुणीतरी लोकरीचे कपडे ठेवून डांबराच्या गोळ्या टाकलेल्या. भूत हात बाहेर काढतं, उठून बसतं, सगळे किंचाळायच्या बेतात येतात आणि भुताला शिंका सुरू होतात. तीन शिंका, प्रत्येक आधीच्यापेक्षा वरच्या पट्टीत. मग ते म्हणतं, "माफ करा, पुन्हा येतो," आणि झाकण ओढून घेतं.

ते भूत म्हणजे माझे बाबा. टेलिफोन खात्यात कारकून, हौशी नाटकांतून छोटी कामं करणारे. त्या शिंका त्यांनी आमच्या नात्यातल्या प्रत्येक लग्नात करून दाखवल्या होत्या. मी मात्र तो भाग पाहिलेला नव्हता. तो लागला त्या आठवड्यात बाबांनी आईला आणि मला आजोळी पाठवलं होतं आणि तिथे टीव्ही नव्हता. शेजाऱ्यांनी पाहिला, पण भुताच्या तोंडाला पिठासारखा पांढरा रंग, डोक्यावर जटा. आईनं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं, त्यामुळे सगळ्यांनी बाबांनाच पाहिलं.

महिन्याभरानं दुकानाच्या बाईंचा फोन आला. एका गिऱ्हाइकाच्या खोक्यात त्या मालिकेचे दोन भाग सापडले होते. "त्यात पेटाऱ्याचा भाग आहे! शेवटची नावं काही रेकॉर्ड झालेली नाहीत, पण बाकी स्वच्छ आहे. ते दाखवायला रविवारी सकाळी छोटा हॉल घेतलाय, चाळीस-पन्नास लोक. बाबांना आणाच."

मी धावत बाबांच्या खोलीत गेले. आई गेल्यापासून ते वाघोलीला आमच्याकडेच असतात. एक्याऐंशी वर्षांचे. मला वाटलं होतं, उडीच मारतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"किती लोक येणार?"

"चाळीस-पन्नास."

"बरं," म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. बराच वेळ पान उलटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं. रक्तदाब मोजला तर वरचा आकडा एकशे सत्तर. डॉक्टर म्हणाले, कसली काळजी आहे का? बाबा म्हणाले, "या वयात दुसरा उद्योग काय?" मला वाटलं, इतक्या वर्षांनी स्वतःचा तरुण चेहरा बघायचा म्हणून मन हललं असेल. हॉलमध्येच काही झालं तर? त्याआधी आपण एकदा तो भाग पाहून घ्यावा, म्हणून बुधवारी ऑफिसातून लवकर निघाले आणि दुकान गाठलं.

बाईंनी टेप लावली. पडद्यावर रेघा, मग हवेली, मेणबत्तीवाली बाई. मी हसलेसुद्धा. मग पेटाऱ्याची कडी वाजली, झाकण किलकिलं झालं आणि फटीतून एक हात बाहेर आला. उजवा हात. पाचही बोटं पसरून कडा चाचपणारा.

बाबांच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणी मोडलेली आहे. ती वाकडी जुळली आणि आयुष्यभर तशीच राहिली. पडद्यावरच्या हाताची करंगळी सरळ होती.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. परत लावता?"

त्यांनी तीनदा लावलं. करंगळी तिन्ही वेळा सरळ. मग भूत उठून बसलं. रंगाखाली चेहरा कुणाचाही असू शकला असता, पण मान बाबांपेक्षा चांगली दोन बोटं लांब होती. तीन शिंका आल्या, अगदी बाबांसारख्या.

पुढचे तीन दिवस मी नीट श्वास घेतल्याचं आठवत नाही. सांगावं तर ते कोसळतील. न सांगावं तर लोकांसमोर कळेल. की त्यांना खरंच आठवत नाहीये? सांगून सांगून ते खरं झालंय का डोक्यात? ही विसरण्याची सुरुवात तर नाही? स्वयंपाक करताना मी त्यांना उगीचच प्रश्न विचारत बसले: आजचा वार कुठला, वरच्या मजल्यावर कोण राहतं. त्यांनी सगळी बरोबर उत्तरं दिली आणि शेवटी विचारलं, "परीक्षा आहे का काही?"

शनिवारी दुकानाच्या बाईंना फोन करून म्हटलं, बाबांची तब्येत बरी नाही, रद्द करता येईल का? त्या म्हणाल्या, "अहो, सगळ्यांना कळवलंय. आणि आणखी एक बाई येतायत, फेसबुकवर वाचून. त्यांचेही मिस्टर त्याच मालिकेत होते म्हणे. नुकतेच गेले बिचारे." मी बरं म्हणून फोन ठेवला.

रविवारी टॅक्सीनं निघालो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. नगर रस्त्यावर गाडी तुंबली. मी डोक्यात वाक्यं जुळवत होते. एवढ्यात ते म्हणाले, "गाडी जरा बाजूला घ्यायला सांग."

"छातीत दुखतंय का?"

"नाही गं. बाजूला घ्यायला सांग."

एका बसथांब्याच्या बाकावर आम्ही बसलो. समोरून ट्रक जात होते. बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "त्यात मी नाहीये."

"मला माहीत आहे."

"कसं?"

"करंगळी."

त्यांनी हात वर करून करंगळीकडे पाहिलं, जणू तिनंच चहाडी केली होती. मग सांगायला लागले. मुंबईच्या स्टुडिओत तीन दिवस तालमी झाल्या, झाकण उघडं ठेवून. शिंका त्यांनीच बसवल्या. रेकॉर्डिंगच्या दिवशी झाकण लावलं आणि बाहेरून कडी घातली, कारण कडीचा आवाज हवा होता. "आत खऱ्या डांबरगोळ्या. काळोख. मला श्वासच येईना. मी ओरडलो. बाहेर सगळे हसायला लागले. त्यांना वाटलं, मी कामच करतोय. दिग्दर्शक म्हणाला, वा, असंच ठेवा! परत झाकण लावलं. मी परत ओरडलो. ते परत हसले." ते थांबले. "इतकी माणसं हसत होती, आणि मी आत मरत होतो. तिसऱ्या वेळी लघवीला जाऊन येतो म्हणालो आणि तसाच जाऊन एसटी पकडली. स्वारगेटच्या नळावर तोंड धुतलं. कानामागे रंग राहिला. तुझ्या आईनं तो पाहिला आणि विचारलं, झालं का काम? मी म्हटलं, झालं. एवढंच बोललो. बाकी सगळं तिनं सांगितलं, गावभर."

मला एकदम ते चार मजले चढून येणारे बाबा दिसले, लिफ्ट असताना. न्हाणीघराची कडी कधीच न लावणारे. आम्ही त्याला व्यायाम म्हणायचो आणि विसरभोळेपणा म्हणायचो.

"परत जाऊ या," मी म्हटलं.

"नको. आठवडाभर झोपलो नाही. आता जे काय व्हायचं ते होऊन जाऊ दे."

हॉलमध्ये लोक बसले होते. दुकानाच्या बाई लगबगीनं पुढे आल्या आणि पहिल्या रांगेतल्या एका आजींशी ओळख करून दिली. हिरवट सुती साडी, मांडीवर पिशवी. "यांचे मिस्टर पण होते बरं का मालिकेत."

"कुठलं काम होतं?" बाबांनी विचारलं. आवाज अगदी कोरडा.

"भुताचं," आजी म्हणाल्या. "पेटाऱ्यातल्या."

दुकानाच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांचा दंड धरला.

"बरोबर," बाबा म्हणाले. "भूत तेच होते. मी नव्हतो. मी आधी होतो, मग पळून गेलो."

आजींनी चष्मा वर केला. "पळालेले ते तुम्ही?"

"हो."

"अहो, आमचे हे तिथे दिव्यांच्या वायरी ओढायला होते. भूत पळालं म्हणून उंची न बघता यांनाच झगा घातला. आयुष्यात तेवढं एकच काम केलं त्यांनी. दर दिवाळीला फराळाला बसलं की म्हणायचे, कोण होता देव जाणे, पण तो पळाला म्हणून मी टीव्हीवर आलो. आम्हाला वाटायचं, हे बनवून सांगतात. असा कुणी पळालेला नसेलच."

बाबा त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. मी पाणी दिलं.

अंधार झाला आणि भाग सुरू झाला. लोक अधूनमधून हसत होते. पडद्यावर कडी वाजली तेव्हा बाबांनी माझं मनगट असं आवळलं की दोन दिवस वळ राहिला. मी दाराजवळच्या माणसाला दार उघडं ठेवायला खुणावलं. उजेडाची एक पट्टी आत आली, कुणीतरी चुकचुकलं, पण दार तसंच राहू दिलं. बाबांनी शेवटपर्यंत पाहिलं. आजी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. हसत होत्या की रडत, मला कळलं नाही.

दिवे लागल्यावर बाबा हळूच म्हणाले, "छान केलं त्यांनी. शिंका तेवढ्या माझ्या हं. मी बसवलेल्या."

आजींनी मान हलवली. "नाही हो. त्यांना लहानपणापासून तशाच यायच्या. तीन, चढत्या. सासूबाई सांगायच्या."

त्या दोघांत खोटं कुणीच बोलत नव्हतं असं मला वाटत होतं आणि तरी दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं. निघताना बाबांनी स्वतःहून आजींचा नंबर मागितला.

आता गुरुवारी दुपारी ते त्यांना फोन करतात. दार उघडंच असतं, म्हणून मला ऐकू येतं. कधी औषधांविषयी, कधी पालेभाज्यांच्या भावाविषयी. रक्तदाब उतरलाय. उतरला नाहीये तो माझ्या मनातला संशय. बाबा जुनं काही सांगायला लागले, आईला पहिल्यांदा कुठे पाहिलं, नोकरी कशी लागली, की मी हातातलं काम थांबवून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहते. त्यांना ते कळतं. परवा बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "हे खरं आहे गं." मी "हो बाबा" म्हटलं, आणि ते पुढे सांगायला लागले.