डावीकडे बांबू, उजवीकडे सागवान

सोमवार, २ फेब्रुवारी, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. वेळ नेमकी सांगता येते, कारण कामठ्याच्या घरी मी तराजू शून्यावर आणून वहीत तीच वेळ लिहीत होते. बाबा फोन ठेवून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "दुधराम गेला, पोरी." त्यावर मी विचारले, "आणि नाव? पूर्ण झाली का?"

दुधराम काका बाबांचे शाळेपासूनचे मित्र. चोरखमाऱ्याच्या तलावाकाठी ते मासेमारांसाठी डोंगे बनवत. मी तलावांच्या पाण्यावर पीएच.डी.चे संशोधन करते. खोल पाण्याचे नमुने घ्यायला मला स्वतःची नाव हवी होती. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, एका तलावातून दुसऱ्यात एकटीने खांद्यावर वाहून नेता येईल, अशी. पातळ प्लायवूड, त्यावर काचतंतूंचे कापड आणि रेझिन. असला कागदी डोंगा काकांनी कधी बनवला नव्हता. मी आराखडा पुढे ठेवला आणि वीस किलोची मर्यादा सांगितली.

"वीस कायले? एकवीस झाले त बुडते का?"

"बुडत नाही काका, मला उचलवत नाही."

"मंग तसं सांग ना. किलो काऊन सांगून राहिली?"

'वीस किलो' आणि 'मला उचलवत नाही' यांतले अंतर मला तेव्हा कळले नाही. आताही पूर्ण कळले आहे असे म्हणवत नाही.

नावेचे अंग महिन्याभरात तयार झाले. अडले ते काठपट्टीपाशी. नावेच्या वरच्या कडेने दोन्ही बाजूंना लांबलचक पट्टी बसवावी लागते. ती नसेल तर पातळ अंग पुठ्ठ्यासारखे फाकते. मी तक्ता केला : सागवान, बांबू, अॅल्युमिनियमची नळी, वजन, ताठपणा, झीज, पाणी शोषण्याचे प्रमाण. अॅल्युमिनियम हलके, पण काकांनी नळी उन्हात ठेवून माझा हात तिच्यावर दाबला आणि म्हणाले, "मे महिन्यात इथंच हात ठेवशील ना?" नळी बाद झाली. बांबू हलका आणि चिवट, पण दोरीच्या घासणीने त्याचे तंतू सुटतात. सागवान घासणीला दाद देत नाही, पण वजन वाढवते. शिवाय बांबू अवसेलाच तोडायचा, नाहीतर कीड लागते, हा काकांचा नियम. त्याला आधार शोधण्यात माझे चार दिवस गेले. काहीच निश्चित हाती आले नाही, आणि काकांनी मात्र अवसेपर्यंत वाट पाहिलीच.

शेवटची भेट त्यांच्या जाण्याच्या अकरा दिवस आधीची. सर्वेक्षण तोंडावर आले होते आणि पट्ट्या बसलेल्या नव्हत्या. मी त्यांना म्हणाले, "काका, अंदाज नको, मला आकडा द्या." ते रंधा उचलत म्हणाले, "ये आठ-दहा दिवसांनी. आकडाच देतो तुले."

तेरावे झाल्यावर, चौदाव्या दिवशी मी तलावावर गेले. नाव पडवीत उपडी ठेवलेली होती. सरळ केली आणि मी गोंधळले. डाव्या काठाला बांबू होता, उजव्या काठाला सागवान. ही चूक म्हणावी तर चाळीस वर्षे लाकडात घालवलेला माणूस अशी चूक करील कशी? निर्णय म्हणावा तर दोन्ही पट्ट्या नुसत्या स्क्रूंनी अडकवलेल्या, रेझिनचा थेंबही नाही, म्हणजे प्रयोग अर्धाच राहिलेला. पण सागवानाची कड एका जागी वीतभर घासून गोल केलेली होती. नमुन्याची बाटली मी नेहमी उजव्या हाताने सोडते; दोरी नेमकी तिथूनच जाते. उद्या काढून टाकायच्या पट्टीची कड कोणी इतक्या मायेने घासते का?

काकांचे धाकटे भाऊ म्हणाले, "डोऱ्यानं दिसत नव्हतं त्याले. जे हाती आलं ते लावलं." रेवता काकू आतून कडाडल्या, "तुले दिसत होतं का मंग? बांबू अन् सागवान त मीबी अंधारात हातानं ओळखते!"

मग त्या बाहेर आल्या. अंगाने, उंचीने माझ्याच मापाच्या.

"मले रोज उचलाले लावत होते," त्या म्हणाल्या. "म्हने, त्या पोरीचा खांदा अन् तुहा खांदा एकच. दोनी बाजूनं सागवान लावलं तवा म्या वाटेतल्या चिंचेखालीच ठेवून देल्ली. म्हटलं, तुम्हीच न्या आता. हासले. दोनी बाजूनं बांबू लावला तवा तलावाच्या पायऱ्यांपावतर नेली."

"आणि अशी? एक इकडचा, एक तिकडचा?"

"तशीबी नेली. पायऱ्यांपावतर."

"मग काका काय म्हणाले?"

"काई नाई. आंगोळीले गेले." काकूंनी पदराने नावेची कड पुसली. "दुसऱ्या सकाळी उठलेच नाई."

म्हणजे मी मागितलेला आकडा ते काढत होते. माझ्या तराजूने नव्हे, काकूंच्या खांद्याने. पण त्या आंघोळीला जाण्याचा अर्थ काय? उत्तर सापडले म्हणून शांत झालेला माणूस गेला, की आणखी एक मांडणी मनात घेऊन गेलेला? उपलब्ध पुराव्यावरून दोन्ही निष्कर्ष सारखेच संभवतात, आणि विचारायचे ज्याला, तो नाही. रेझिन मी कालवून ठेवले होते. ब्रश हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. एकदा चिकटवले की प्रश्नच उरणार नाही... रेझिन डब्यातच घट्ट झाले.

सर्वेक्षण सुरू होऊन आता तीन आठवडे झाले. पट्ट्या अजून स्क्रूंवरच आहेत. पाण्यात उतरण्यापूर्वी मी ते एकेक करून आवळते आणि सागवानाच्या त्या गोल कडेवरून बोट फिरवते. तराजू सर्वेक्षणाच्या पहिल्या दिवशीही मी सोबत नेला होता. काकू म्हणाल्या, "कायले मोजतेस? घे ना खांद्यावर." मी घेतली. चिंच मागे पडली, तेव्हा मागून त्या ओरडल्या, "थांबू नोको आता!" वहीत वजनाचा रकाना कोरा आहे. त्याच्या शेजारी, शेऱ्यात, एवढेच लिहिले आहे : पडवीपासून पायऱ्यांपर्यंत, न थांबता, एकशे चौदा पावले.