कोटाच्या खिशातलं पिस्तूल

पहिल्यांदा पिस्तूल खिशात घालून निघाले त्या सकाळी मी चक्क एका इलेक्ट्रिक सायकलला मागे टाकलं. खोटं सांगत नाही! तेही माझ्या सेकंडहँड, साखळी कुरकुरणाऱ्या सायकलवर.

पिस्तूल म्हणजे टिकल्यांचं, दिवाळीतलं. पुण्याहून लेकीसाठी आणलेलं. टिकल्या विमानात नेता येत नाहीत, म्हणून त्या तिकडेच राहिल्या आणि नुसतं पिस्तूल आलं. काळं, पत्र्याचं, हाताला चांगलं जड. माझ्या सात वर्षांच्या लेकीनं ते बघितलं आणि मलाच डचमध्ये सुनावलं, की असलं इथे चालत नाही. "बरं बाई," म्हटलं आणि कपाटात टाकलं.

ते कपाटातून बाहेर कसं आलं ते सांगते. मी इथे नेदरलँड्समध्ये, लायडनच्या सायन्स पार्कमधल्या एका लॅबमध्ये पेशी वाढवते. त्यांना सकाळी लवकर खायला घालावं लागतं, म्हणून आठवड्यातले पाच दिवस मी पावणेसातला घर सोडते. आमच्या गावाहून लायडनला शेतांमधून सायकलवाट जाते. दोन्हीकडे पाण्याचे चर, मेंढ्या, मध्ये एक छोटा पूल. पस्तीस मिनिटं. बसनं गेलं तर दोनदा बदलून सव्वा तास. पण वेळेचं सोडा हो, ती पस्तीस मिनिटं माझी होती! डबे नाहीत, मीटिंगा नाहीत, कुणाची हाक नाही. मी मोठमोठ्यानं गाणी म्हणत जायचे. ऐकायला मेंढ्या.

नोव्हेंबरात एका अंधाऱ्या सकाळी मागून फॅटबाइकवर, म्हणजे त्या जाड टायरांच्या इलेक्ट्रिक सायकलवर, दोन टगे आले. एकानं माझी सॅक धरून हिसका दिला. मी सायकलसकट गवतात, आणि ते खिदळत पसार! लागलं काही नाही, सॅकही पाठीवरच राहिली, पण माझं डोकं असं सटकलं की विचारू नका. पुण्यातल्या रिक्षावाल्यांसाठी राखून ठेवलेल्या सगळ्या शिव्या त्या अंधाराला घातल्या. पोलिसांकडे तक्रार केली, पण ना चेहरा दिसलेला ना काही, त्यांना तरी सांगणार काय? घरी मात्र अवाक्षर काढलं नाही. नवरा एकच वाक्य बोलला असता, "उद्यापासून बसनं जा." काळजीपोटीच बोलला असता. पण माझी वाट गेली असती ना!

त्याच शनिवारी भावंडांचा व्हिडिओ कॉल होता. टेक्सासमधला माझा आतेभाऊ सायकलवेडा. त्याला आडूनच विचारलं, एकटा लांब जातोस, भीती नाही वाटत? तर पठ्ठ्यानं सायकलच्या दांड्याला लावायची पिशवी कॅमेऱ्यासमोर धरली आणि चेन उघडून आतलं पिस्तूल दाखवलं. खरं! "तुम्ही काय करता गं तिकडे? घंटी वाजवता?" सगळे हसले. मीही हसले. इथे डोळ्यांत मारायचा साधा मिरचीचा स्प्रेसुद्धा बाळगता येत नाही, हे त्याला सांगायची लाज वाटली. फोन ठेवला आणि सरळ कपाट उघडलं.

रविवारी बाथरूमला कडी लावून आरशासमोर तालीम केली. उजव्या खिशातून काढायचं, हात ताठ, नजरेला नजर. ओरडायचं कुठल्या भाषेत, यावर बराच खल झाला. माझ्या डचमध्ये फार तर दही मागता येतं. शेवटी मराठीच ठरली. "थांब! एक पाऊल पुढे टाकलंस तर बघ!" अहाहा! अंगावर काटा आला माझ्याच.

आणि मग काय ते दिवस! पाऊस असो, समोरून वारा असो, मी सुसाट. खिशातलं ते जड धूड पायडल मारताना मांडीवर आपटायचं आणि दर आपटण्याला मला आणखी चेव यायचा. गाणी पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा वरच्या पट्टीत. खरं सांगायचं तर ते दोघे भेटावेत असंच वाटायला लागलं होतं. भेटा ना एकदा, दाखवतेच!

डिसेंबर लागला तसा मागे एक दिवा दिसायला लागला. मी वेग वाढवला की तोही वाढवायचा. मी हळू झाले की तोही हळू. लागोपाठ तीन दिवस. छाती धडधडत होती, पण भीतीनं नाही हं, निव्वळ उत्साहानं. चौथ्या दिवशी पूल ओलांडला, करकचून ब्रेक दाबला, सायकल आडवी घातली, वळले, पिस्तूल काढलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "थांब!"

दिवा कोलमडला. सायकल पडल्याचा आवाज झाला. माझ्या दिव्याच्या उजेडात विशीतली एक मुलगी दिसली. एक पाय सायकलखाली अडकलेला आणि दोन्ही हात वर.

"खेळणं आहे! खेळणं!" मी इंग्रजीत ओरडले आणि तिला पटावं म्हणून, मूर्ख कुठली, चाप ओढला. नुसतं टक् वाजलं. तिनं डोळे घट्ट मिटले आणि हुंदके द्यायला लागली.

उठवायला पुढे झाले तर ती मागे सरकली. मग मी लांबच उभी राहिले. हुंदके आवरत ती बोलायला लागली. ती आमच्याच गावची, लायडनच्या एका वृद्धाश्रमात सकाळच्या पाळीला जायची. फॅटबाइकवाल्यांनी तिलाही अडवलं होतं. "मग तुम्ही दिसलात," ती म्हणाली. "इतक्या जोरात जाता, गाणी म्हणता. वाटलं, ही बाई कुणाला घाबरत नाही. म्हणून तुमच्या मागे मागे यायचे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पोलिसांना सांगायचं असेल तर मी इथेच थांबते, म्हटलं. तिनं नको म्हणून मान हलवली आणि सायकल उचलली. "उद्यापासून मी बसनं जाईन."

"नाही, नाही! असं नको करूस!" मी हात जोडले. उद्या वाटेच्या तोंडाशी, दिव्याच्या खांबाखाली थांबते, खिसे रिकामे ठेवून. आपण दोघी शेजारी शेजारी जाऊ. ती "बघू" म्हणाली आणि मला पुढे व्हायला सांगितलं. मी लांब जाईपर्यंत ती जागची हलली नाही.

जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्यानं सांगितलं, की खऱ्यासारखं दिसणारं खेळणं घेऊन फिरणं हासुद्धा इथे गुन्हा आहे. आमचा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा अर्ध्यात होता. संध्याकाळी मी हातोडी घेऊन त्या पिस्तुलाचा चेंदामेंदा केला. पण जीव लागला होता तो सकाळकडे. ती येईल, येईलच, दोघी मिळून त्या फॅटबाइकवाल्यांच्या नाकावर टिच्चून जाऊ, असं मी रात्रभर घोकत होते.

सकाळी साडेसहालाच जाऊन खांबाखाली उभी राहिले. थंडी मरणाची, हात खिशात. पावणेसात झाले, सात वाजत आले. तेवढ्यात शेजारच्या रस्त्यावरून बस आली, वळणावर हळू झाली आणि खिडकीशी ती बसलेली दिसली. तिनंही मला पाहिलं. मला इतका आनंद झाला, की मी झटकन खिशातला हात बाहेर काढून वर केला.

ती सीटखाली वाकली.